बीएमपी राजस्थानातून खडकीला कशाला आणतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र वाचलं. त्यांनी म्हणे मालगाडीवर ताडपत्री घातलेल्या फौजी गाड्या बघितल्या आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलं की ह्या राजस्थानातून दुरुस्तीला खडकीला चालल्यात. त्यावर त्यांचा प्रश्न असा की तिकडे बॉर्डरवर फौजेचे एवढे मेकॅनिक असताना गाडी हजार किलोमीटर आणायची गरज काय, हा पैशाचा चुराडा नाही का, तिथले मेकॅनिक मग दिवसभर करतात तरी काय. प्रश्न वाईट नाही, पण शेवटचं वाक्य जरा लागलं हो, कारण मी त्या मेकॅनिकांपैकीच एक. ईएमईमधे, म्हणजे फौजेच्या गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कोअरमधे २४ वर्षं काढली, व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झालो आणि हवालदार म्हणून घरी आलो, त्यातली बरीच वर्षं बीएमपीच्या, म्हणजे जवानांना आत बसवून नेणाऱ्या चिलखती गाडीच्या, पोटात डोकं घालूनच गेली. म्हणून म्हटलं उत्तर आपणच द्यावं, साहेब लोक काही पेपरात लिहीत बसणार नाहीत.

आधी सोपं करून सांगतो. एसटीचं उदाहरण घ्या. तुमच्या गावच्या आगारात गाडी रात्री येते, तिथं ऑईल पाणी बघतात, ब्रेक आवळतात, पंक्चर काढतात. त्याच्या वरचं काम निघालं की गाडी विभागीय कार्यशाळेत जाते, आणि पार सगळं खोलायचं असेल तर दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगणा, म्हणजे मध्यवर्ती कार्यशाळा. आता प्रत्येक आगारात बॉडी बांधायचं मशीन का नाही असं कुणी विचारत नाही. फौजेतही तेच आहे, फक्त नावं वेगळी. गाडी ज्या युनिटची तिथला ड्रायव्हर आणि क्रू रोजचं बघणार, त्याच युनिटला चिकटलेली आमची छोटी तुकडी असते तिला एलएडी म्हणतात, म्हणजे लाइट एड डिटॅचमेंट, ती त्याच्या वरचं काम करणार, मग मागे फील्ड वर्कशॉप, आणि सगळ्यात मागे बेस वर्कशॉप. गंमत बघा, दापोडीची एसटीची कार्यशाळा आणि खडकीचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप यांच्यात फक्त मुळा नदी आणि हॅरिस पूल आहे, एकीकडे लाल गाडी खोलतात, दुसरीकडे बीएमपी. पुणेकर दोन्हींच्या समोरून रोज जातात आणि कुणाला काही पत्ता नसतो.

देशात अशी आर्मीची बेस वर्कशॉप आठ. दिल्ली कॅन्टला टी-७२ टँक येतो, खडकीला बीएमपी, जबलपूरला तोफा, बाकीची मेरठ, आग्रा, अलाहाबाद, कंकिनारा आणि बेंगळुरू. एकेकाने एकेक वस्तू वाटून घेतलेली कारण इंजिन पार खोलून परत उभं करायचं, डायनामोमीटरवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, तासन्‌तास पळवून बघायचं, हल म्हणजे गाडीचं लोखंडी अंग पूर्ण उघडं करून वेल्डिंगचे सांधे तपासायचे, हे सामान आठ ठिकाणी आठदा मांडायला कुणालाच परवडत नाही.

आता खरी गोष्ट. कुठलं काम कुठल्या पायरीवर हे कोण ठरवतं? लोकांना वाटतं कर्नल साहेबांच्या मनावर असतं. तसं नाही. त्याला कागद असतो, परमिसिव्ह रिपेअर शेड्यूल म्हणतात, आम्ही नुसतं पीआरएस म्हणायचो. त्यात गाडीचा एकेक पार्ट लिहिलेला आणि त्याच्यासमोर ह्या पार्टला कुणी कुठपर्यंत हात लावायचा ते. ट्रॅकची लिंक बदलायची? क्रू आणि एलएडी. गिअरबॉक्स पूर्ण बदलायचा? त्याच्या वरचे. गिअरबॉक्स उघडून आतलं बेअरिंग बदलायचं? मागे पाठवा. आपल्याला जमत असेल तरी पाठवा. नवीन पोरांना ह्याचाच राग येतो, मलाही यायचा.

आणि हा कागद गाडी आल्यावर बनत नाही, निदान बनू नये. नवीन वस्तू विकत घ्यायच्या आधी ज्या ट्रायल होतात त्यात लोकांना फक्त फायरिंगची माहिती असते कारण टीव्हीवर तेच दाखवतात. पण त्यातच एक ट्रायल असते एमईटी, मेंटेनेबिलिटी इव्हॅल्युएशन, ती आमचे ईएमईवाले घेतात. कंपनीच्या समोर ती वस्तू अक्षरशः खोलून ठेवतात, कंपनीने दिलेली हत्यारं आणि पुस्तकं पुरतात का, सांगितल्या वेळेत काम होतं का हे बघतात. कंपनीने प्रत्येक पायरीसाठी स्पेअरची यादी द्यायची असते, स्पेशल टूल आणि टेस्टिंगचं सामान सांगायचं असतं. दुरुस्तीच्या पायऱ्या इथं ठरतात, म्हणजे पहिली गाडी गेटमधून आत यायच्या कितीतरी आधी. इथं कंटाळा केला की पुढची ३० वर्षं रडायचं.

पायरी ठरवताना बघतात काय, तर पहिलं म्हणजे वेळ. लढाईत पुढे असलेला माणूस एका गाडीवर तीन दिवस बसू शकत नाही कारण युनिट तोवर ४० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पुढच्यांनी झटपट होणारं करायचं, बाकी बीएलआर शिक्का, बियॉन्ड लोकल रिपेअर, आणि गाडी मागे ओढून न्यायची. (आणि एक शिक्का बीईआर, म्हणजे दुरुस्त करून परवडत नाही, तो बसला की गाडीचा शेवट. तो मारताना ड्रायव्हरचं तोंड बघवत नाही.) दुसरं म्हणजे उचलायला काय आहे. क्रेन नाही तर इंजिन निघणार कसं. तिसरं धूळ. हे बाहेरच्यांच्या डोक्यातच येत नाही. टँकच्या नेमाच्या साइटमधे कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, ती उघडायची तर बंद स्वच्छ खोली पाहिजे, नाहीतर आत ओल गेली की थंडीत काच धुरकट आणि गनरला समोर नुसतं दूध दिसतं.

आणि चौथं म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने कशी बनवली. ह्यावर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात सांगतो. जर्मन लेपर्ड टँकचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र एका पॅकमधे बसवलेलं, वरून झाकण काढा, चार कनेक्शन सोडा, क्रेनने पूर्ण पॅक उचला, नवीन खाली सोडा, तासाभरात टँक चालू. आपला टी-७२ रशियन, छोटा, बुटका, लढाईला फार चांगला, पण इंजिन आडवं बसवलेलं आणि त्याला शेजारच्या गिअरच्या डब्याशी एका रेषेत आणून बसवायचं म्हणजे हाताचं काम, मिलिमीटरचा खेळ, त्यात अख्खा दिवस मोडतो आणि रात्रही. म्हणजे काम तेच, इंजिन बदली, पण एका टँकला ते पुढे रानात होतं आणि दुसऱ्याला सहसा मागे न्यावं लागतं. मेकॅनिक आळशी म्हणून नाही, ड्रॉइंग काढणाऱ्याने पन्नासेक वर्षांपूर्वी ठरवलं म्हणून.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो, लाज वाटते पण सांगतो. सर्व्हिसला तीन वर्षं झाली असतील, राजस्थानात एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, चालू होती, एका बीएमपीचं इंजिन धूर मारत होतं आणि उचलत नव्हतं. मला वाटलं इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप. पीआरएसप्रमाणे आम्ही पंप फक्त बदलायचा, उघडायचा नाही. बदलायला पंप नव्हता, येतो येतो म्हणत दोन दिवस झालेले. मी म्हटलं गावाकडे मामाच्या गॅरेजला ट्रॅक्टरचे पंप उघडलेत आपण, हा काय वेगळा. रात्री तंबूत चादर अंथरून उघडला. जोडताना सगळं बरोबर बसलं, एक पार्ट जास्त उरला नाही की कमी पडला नाही, मी खूष. सकाळी इंजिन चालू केलं, दहा मिनिटं छान चाललं आणि मग असं काही ठोके द्यायला लागलं की बंद करेपर्यंत सगळी एलएडी गोळा झाली. वाळू. डोळ्याला दिसणार नाही एवढी वाळू आत गेली होती, आणि पंपाचं कॅलिब्रेशन म्हणजे काय हे मला तेव्हा माहितीच नव्हतं, ते टेस्ट बेंचवर करावं लागतं, कानाने होत नाही. आमचे उस्ताद पंजाबी होते, ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बेटा, लिस्ट किसी ने अपनी गलती से ही लिखी होगी." पुढे मला सात दिवस काय काय मिळालं ते इथं लिहीत नाही. पण त्या दिवसापासून पीआरएस हे साहेबांचं पुस्तक न वाटता माझ्यासारख्याच कुणीतरी पंप उघडून बघितलेल्याचं पुस्तक वाटायला लागलं.

म्हणून वाचक साहेबांना माझं पहिलं उत्तर हे की बीएमपी खडकीला येते ती बरोबर येते. तंबूत ओव्हरहॉल होत नाही.

पण. आता दुसरी बाजू, आणि मी हे पत्र खरं तर ह्यासाठीच लिहायला घेतलं.

हल्ली काय होतंय की वस्तू जेवढी नवीन तेवढं पुढच्या माणसाच्या हातून काम काढून घेतलं जातं. आमच्या काळातही सुरुवात झाली होती. एका ठिकाणी, जागेचं नाव सांगत नाही, रात्री बघायच्या साइटचा एक डबा बंद पडला. कंपनीचं सील, उघडलं तर वॉरंटी गेली. डबा वर गेला, तिथून अजून वर, तिथून कंपनीकडे. पाच महिन्यांनी परत आला आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं की कनेक्टरची एक पिन वाकली होती ती सरळ केली. पिन! पाच महिने ती गाडी रात्री आंधळी. हे काम आमचा पोरगा चिमट्याने दहा मिनिटात करू शकला असता पण त्याला डबा उघडायची परवानगी नव्हती, टेस्टरही नव्हता आणि आत काय आहे त्याचं ड्रॉइंगही नव्हतं. इथं धूळ किंवा क्रेन किंवा वेळ असलं कुठलंच कारण नव्हतं. पायरी ठरली ती खरेदीच्या वेळी कुणी टेस्टर आणि ड्रॉइंग मागितलं नाही म्हणून ठरली.

पंप आणि पिन ह्या दोन गोष्टींमधला फरक हाच माझा मुद्दा. पंप वर गेलाच पाहिजे. पिन खालीच राहिली पाहिजे. आणि हे दोन्ही एकाच यादीत बाजूबाजूला असतात.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ह्याच पायऱ्या पाच होत्या, मग चार झाल्या आणि आता त्यांनी फक्त दोन ठेवल्यात, फील्ड आणि त्याच्या मागची. त्यांचं सूत्र असं की पुढे फक्त बदला आणि दुरुस्ती मागे करा. ऐकायला चकाचक, पण बदलायला डबा असेल तर ना! डबा नसला की पुढचा माणूस हात चोळत बसतो, किंवा शेजारच्या गाडीतला काढतो. आपल्याकडे बोफोर्सच्या तोफांचं हेच झालं, कंपनीशी व्यवहार बंद पडल्यावर स्पेअर बंद, मग एका तोफेचे अवयव काढून दुसरी चालू ठेवायची. आणि तीच तोफ १९९९ ला कारगिलमधे कामाला आली, ती चालू कुणी ठेवली ह्याचा विचार करा. अमेरिकेतसुद्धा आता ओरड सुरू झालीये, २०२५ मधे त्यांच्या आर्मीला सांगितलं गेलं की इथून पुढे करारात स्वतः दुरुस्त करायचा हक्क घालून घ्या, कारण प्रत्येक गोष्टीला कंपनीचा माणूस बोलवायला लागतो. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांची तीच रड आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान फौजेची तीच.

युक्रेनमधे तर सगळं उघडं पडलं. जर्मन पीझेडएच-२००० तोफा मिळाल्या, भरपूर मारा केला, थकल्या, आणि मोठ्या दुरुस्तीला कुठे न्यायच्या तर लिथुआनियाला. म्हणजे पोलंड ओलांडून. लेपर्ड पोलंडला ग्लिवित्सेला. राजस्थान ते खडकी म्हणून ओरडणाऱ्यांनी नकाशा काढून बघावा. मग अमेरिकनांनी काय केलं तर पोलंडमधे बसून व्हिडिओ कॉल आणि चॅटवर युक्रेनी मेकॅनिकांना सांगायला लागले की हा बोल्ट काढ, तो धर, असं कर, आणि जे काम कागदावर वरच्या पायरीचं ते खाली खंदकाजवळ व्हायला लागलं. पायरी म्हणजे काही दगडावरची रेघ नाही एवढंच ह्यातून घ्यायचं.

आपल्याकडेही चांगलं काही होतच नाही असं नाही. लडाखला २०२० नंतर टँक वर नेऊन ठेवले, तिथल्या थंडीत रबर कडक होतं, ऑईल घट्ट होतं, बॅटरी मरते. प्रत्येक वेळी खाली आणायचं म्हणजे डोंगरातून ट्रेलरने आणायचं. म्हणून न्योमाला आणि दौलत बेग ओल्डीच्या भागात १४,५०० फुटांच्या वर दुरुस्तीची सोयच उभी केली. पायरी मागची, जागा मात्र सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची.

ओझरला हवाई दलाचा ११ नंबरचा बेस रिपेअर डेपो आहे, नाशिककरांना माहिती असेल, तिथं मिग-२९ खोलतात आणि २०१८ मधे त्यांनी स्वतः ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० हवाई दलाला दिलं. दिल्लीच्या ५०५ बेस वर्कशॉपमधून टी-९० भीष्म टँक पहिल्यांदा ओव्हरहॉल होऊन बाहेर पडला ऑक्टोबर २०२४ मधे, २०० च्या वर असेंब्ली सुट्या करून पार शेवटच्या नटापर्यंत खोललेला. अभिमानाची गोष्ट आहेच. पण मला नोकरीची सवय म्हणून तारीख आधी दिसते, टी-९० चा पहिला करार २००१ चा. घेताना आणि वरच्या पायरीचं पहिलं काम होताना मधे दोन दशकांच्या वर गेली. टँकला ओव्हरहॉलची वेळ उशिरा येते हे मान्य, पण ती वेळ येणार हे तर पहिल्या दिवसापासून माहिती असतं.

आता खडकीबद्दल थोडं, कारण आपल्या भागातली हजारो घरं त्यावर चालली. २०१६ मधे फौजेतल्या सुधारणांवर शेकटकर समितीचा रिपोर्ट आला, आणि बेस वर्कशॉपसाठी गोको नावाचं मॉडेल पुढे आलं, म्हणजे जागा आणि मशीन सरकारची, चालवणार कंत्राटदार. कामगार संघटनांनी विरोध केला, गेटवर घोषणा झाल्या, पेपरात दोन्हीकडून रकाने भरले. मला त्या भांडणात सगळ्यात खटकलं काय सांगू, कुणीच यादीबद्दल बोललं नाही. सरकारी की खाजगी एवढंच. अरे पण काम कुठलं? इंजिनाचा ओव्हरहॉल शांततेच्या काळात चांगल्या कंपनीने केला तर माझी हरकत नाही, मी काय खाजगीचा शत्रू नाही, माझा पोरगाच चाकणला एका कंपनीत आहे. पण बेस वर्कशॉपचं दुसरं काम म्हणजे लढाई पेटली की तिथली माणसं टूलबॉक्स घेऊन पुढे जातात, आणि पुढच्या एलएडीतला पोरगा अडला की ज्याला फोन लावतो तो माणूस तिथे बसलेला असतो. कंत्राटात हे कसं लिहिणार? फोन उचलायचे तासाचे किती लावणार? राफेलच्या करारात ७५ टक्के विमानं कायम उडायच्या स्थितीत ठेवायची हमी कंपनीकडून लिहून घेतली होती, हे चांगलं, असं मोजता येईल तसं लिहून घ्यावं. पण ७५ टक्के कंपनीने ठेवले आणि आपल्या माणसाला त्यातलं काही कळलंच नाही तर करार संपल्यावर काय, परत नवीन करार, आणि भाव त्यांचा.

इतिहासात एक मजा आहे. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात चौकशी केली की फौजेत भरती झालेले चांगले कारागीर जातात कुठे, तर लक्षात आलं की लेथवाला माणूस बटाटे सोलतोय आणि दुरुस्तीचं काम वेगवेगळ्या खात्यांत विखुरलंय. ती चौकशी करणारे बेव्हरिज, तेच जे पुढे पेन्शन आणि विम्याच्या रिपोर्टसाठी प्रसिद्ध झाले. त्यातून १९४२ ला त्यांच्याकडे वेगळी कोअर झाली आणि १९४३ ला आपल्याकडे ईएमई. म्हणजे आमची कोअर जन्मलीच ती हातातलं कसब वाया जातंय म्हणून. आणि आता आम्ही परत त्याच दिशेने चाललोय का, चांगला शिकवलेला क्राफ्ट्समन डबा काढ डबा लाव करण्यासाठी ठेवायचा, हे मला रात्री झोपताना डोक्यात येतं. बायको म्हणते रिटायर झालात, आता तरी झोपा.

तर वाचक साहेब, मालगाडीवर बीएमपी दिसली तर पैशाचा चुराडा म्हणू नका. आणि संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. नवीन तोफ, नवीन गाडी, नवीन ड्रोन घेतल्याची बातमी येते तेव्हा आपण किती कोटी, रेंज किती, कुठल्या देशाची हे सगळं छापता. सोबत एक ओळ विचारून छापता आली तर बघा, की ही वस्तू बंद पडली तर युनिटात काय होणार, मागे काय होणार आणि कंपनीकडे काय जाणार, आणि टेस्टर व ड्रॉइंग कोणाकोणाला मिळालंय. उत्तर मिळणार नाही बऱ्याचदा, पण प्रश्न छापून आला की कुठेतरी कुणीतरी फाईल उघडून बघतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पत्र फार लांबलं, आपल्याला कापावं लागेल ते कापा. पंपाचा किस्सा मात्र ठेवा, उस्ताद मागच्या वर्षी गेले, त्यांच्या घरी मी हे कात्रण पाठवणार आहे. मराठी त्यांना कोण वाचून दाखवणार ते बघू.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ईएमई), जि. सातारा